४७ मिलिमीटरची धास्ती

वीस वर्षांहून जुनी पोर्शे, इंजिनाच्या पोटात लपलेलं एक छोटंसं बेअरिंग आणि घरच्याच गॅरेजमध्ये ते बदलायचा घेतलेला ध्यास. न्यू जर्सीतल्या एका निगडीकराच्या तीन वीकएंडची ही गोष्ट.

"फ्रीझरमध्ये हे काय ठेवलंयस?" बायको किचनमधून ओरडली.

मटारची पिशवी, ओल्या नारळाचा चव, आईनं मागच्या खेपेला करून ठेवलेल्या पुरणपोळ्या आणि त्यांच्या मधोमध झिपलॉकच्या पिशवीत एक बेअरिंग!

"हात लावू नकोस! गार होऊ दे," मी गॅरेजमधून ओरडलो. त्या वेळी माझ्या कोपरापर्यंत काळं तेल होतं, माझी गाडी जमिनीपासून दोन फूट वर चार स्टँडवर उभी होती आणि तिचा गिअरबॉक्स बाजूला जमिनीवर पडला होता. अशा वेळी माणूस फार खुलासे देत बसत नाही.

तर, हे बेअरिंग आमच्या पुरणपोळ्यांच्या शेजारी कसं जाऊन बसलं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

स्वप्न, पण सेकंडहँड

निगडीतल्या आमच्या वन-बीएचकेमध्ये माझ्या टेबलासमोर एका चंदेरी कन्व्हर्टिबलचं पोस्टर होतं. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. घरात वाहन म्हणजे बजाजची स्कूटर, तीही रविवारी बाबा स्वतः खोलून साफ करणार. मी शेजारी बसून पाने हातात द्यायचो आणि कधी एकदा हे संपतंय आणि क्रिकेटला पळतोय, असं व्हायचं. पुढे रीतसर इंजिनीअरिंग, आयटी, एच-वन, न्यू जर्सी. वीस वर्षांत हाताला ग्रीस म्हणून लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती पोस्टरवाली दिसली. पोर्शे बॉक्स्टर एस, २००२ चं मॉडेल, चंदेरी, सहा गिअर, ६८ हजार मैल चाललेली. किंमत अकरा हजार डॉलर. इथे नवी साधी सेडानसुद्धा याच्या दुप्पट किमतीला येते. 'पोर्शे इतकी स्वस्त?' हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. प्रेमात असं होतं.

सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी ती दिमाखात लावली. गाड्यांतला दर्दी म्हणून प्रसिद्ध असलेला एक सहकारी आला, कौतुकानं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "मस्त! आयएमएस केलंय का?"

"काय?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नुकतंच लग्न करून आलोय आणि सासरबद्दल मला कुणी काही सांगितलेलंच नाही.

हे आयएमएस म्हणजे काय रे भाऊ?

थोडा इतिहास. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनीची अवस्था फारच नाजूक होती. विक्री घसरलेली, खर्च अवाढव्य. १९९३ च्या डेट्रॉइट शोमध्ये त्यांनी बॉक्स्टरचं कॉन्सेप्ट मॉडेल दाखवलं आणि लोक वेडे झाले. १९९६ मध्ये गाडी प्रत्यक्ष आली. पाठोपाठ नवी ९११ आली आणि खर्च वाचवायला दोघींचे कितीतरी भाग एकच ठेवले गेले. जपानी सल्लागार बोलावून कारखान्याची घडी नव्यानं बसवली गेली. कंपनी तरली. आणि या दोन्ही गाड्यांत बसलं नवं, पाण्यानं थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन. त्याचं नाव एम-९६.

या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली एक आडवा दांडा आहे, इंटरमीजिएट शाफ्ट. आयएमएस म्हणतात ते त्यालाच. क्रँक चेननं याला फिरवतो आणि हा पुढे चेनांनीच कॅमशाफ्ट फिरवतो. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडझाप करतात. म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या तालमेळाची सगळी मदार या मधल्या दांड्यावर. पूर्वीच्या एअर-कूल्ड ९११ मध्येही असा शाफ्ट होता, पण तो साध्या प्लेन बेअरिंगवर, दाबानं येणाऱ्या तेलाच्या थरावर फिरायचा. एम-९६ मध्ये त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला आलं छर्र्यांचं सीलबंद बेअरिंग. आत ग्रीस, दोन्ही बाजूंना सील. लावा आणि विसरा!

पण इंजिनातलं गरम तेल कालांतरानं त्या सीलच्या कडेतून आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन काढतं. गंमत अशी, की सील असल्यामुळे आत गेलेलं तेल बदलत नाही, तिथेच शिळं होत राहतं. ना धड ग्रीस, ना धड ताजं तेल. मग एखाद्या बेअरिंगचे छर्रे खरवडतात, शाफ्ट हलायला लागतो, चेन दाते सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात!

सुरुवातीच्या गाड्यांत छर्र्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं. ते बऱ्यापैकी टिकाऊ निघालं. २००० च्या आसपास एका रांगेचं आलं आणि तेच बदनाम झालं. अमेरिकेत यावरून कोर्टात दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. साधारण २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्या त्यात होत्या आणि त्यांच्यातलं बिघाडाचं प्रमाण ४ ते १० टक्के असल्याचं पुढे आलं. २००६ पासून बेअरिंग मोठं झालं, पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बाहेरच निघत नाही. २००९ च्या नव्या इंजिनात मात्र हा शाफ्टच काढून टाकला. न रहेगा बांस!

माझी गाडी २००२ ची. एका रांगेवाली. तडजोडीची मुदत केव्हाच संपलेली.

झाकून ठेवलेली पोर्शे

तुम्ही म्हणाल, दहा टक्केच ना? म्हणजे नव्वद टक्के गाड्या ठणठणीत! अगदी बरोबर. पण हे गणित रात्री दोन वाजता सुचत नाही. रात्री दोन वाजता एवढंच सुचतं, की आज सिग्नलला थांबलो तेव्हा मागून किरकिर आली होती. ती किरकिर म्हणजे लेकीच्या शाळेच्या डब्यातला चमचा होता, हे नंतर कळलं.

आधी मी हायवेला जायचं बंद केलं. मग लांब जायचं. मग पाहुणे आले तर दाखवण्यापुरती गाडी बाहेर काढायला लागलो. दोन गॅरेजमधून कोटेशन आणलं. बेअरिंग, आणि उघडलंच आहे तर क्लच आणि मागचं ऑइल सील मिळून साडेतीन हजार डॉलर. आणि बेअरिंग गेलंच, तर दुसरं इंजिन बसवायचा खर्च अख्ख्या गाडीपेक्षा जास्त!

शेवटी बायकोनंच विषय काढला. "हे बघ, दुरुस्त कर नाहीतर विकून टाक. कव्हर घालून ठेवायला अकरा हजार डॉलर दिले नाहीत आपण."

त्याच वीकएंडला बाबांशी व्हिडिओ कॉल झाला. इथे शनिवारची रात्र, तिथे रविवारची सकाळ. मी सगळी रडकथा सांगितली. ते चहा पीत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाहेरून काढता येतं का ते? की इंजिन फाडायला लागतं?"

"गिअरबॉक्स उतरवला की समोरच दिसतं म्हणे."

"मग घाबरतोस कशाला? उघडून बघ."

"बाबा, पोर्शे आहे ती!"

"असू दे की. नट-बोल्टच लावलेत ना तिलाही?"

आधी फिल्टर फाडा

झालं! मी दीड महिना वाचन केलं, व्हिडिओ पाहिले, याद्या केल्या. सिरॅमिक छर्र्यांचं नवं बेअरिंग, ते काढण्या-बसवण्याची खास अवजारं भाड्यानं, क्लच, सील, नवे बोल्ट. सगळं मिळून सतराशे डॉलर. इथे मेकॅनिकच्या मजुरीचे दर असे आहेत, की आयटीवालासुद्धा स्वतःचा पाना विकत घेतो.

पण काही खोलण्याआधी एक परीक्षा होती. तेल काढायचं, ऑइल फिल्टर कापायचा आणि आतला कागद पांढऱ्या फडक्यावर पसरून बघायचा. धातूची चमचम दिसली, तर खेळ खलास. कारण बेअरिंग झिजायला लागलं असेल, तर तो चुरा तेलाबरोबर इंजिनभर फिरलेला असतो. मग नुसतं बेअरिंग बदलणं म्हणजे घराला आग लागली असताना पडदे बदलणं.

त्या रात्री टॉर्च घेऊन मी तो कागद घडी-घडी उलगडून पाहिला. लोहचुंबक फिरवलं. काळ्या प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे होते, जुन्या गाडीत तेवढे सापडतातच. चमचम नाही. दहावीच्या निकालानंतर इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

वीकएंड पहिला : गाडीखाली

बॉक्स्टरचं इंजिन मधोमध असतं. सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. बॉनेट उघडलं तरी डिकी आणि मागे उघडलं तरी डिकीच. इंजिन शोधून दाखवा! त्यामुळे सगळं काम खालून.

बॅटरी काढली. गाडी चार जॅक स्टँडवर चढवली. चढवल्यावर धक्के मारून, हलवून पाहिली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. त्यांच्या कारखान्यात एकाचा पाय गेला होता. ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा बायकोला सांगितली.

मग खालचे आडवे-तिरपे आधार, सायलेन्सर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या केबल, क्लचचा सिलिंडर. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीखालच्या प्रत्येक बोल्टला आठवणीत ठेवतं. सायलेन्सरचा एक बोल्ट मी घाई करून गोल करून टाकला. रस्ट-पेनिट्रंट मारून रात्रभर ठेवायला हवं होतं, मी दहा मिनिटं ठेवलं. तो कापून काढण्यात रविवारची अख्खी दुपार गेली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बोल्ट ऐकत नसेल, तर आपण चहा घ्यायचा. तेवढ्यात तो तेल पितो." हे चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं. मला ते आधी हवं होतं.

वीकएंड दुसरा : ताल चुकवू नका

शनिवारी इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्यासकट जॅकचा टेकू दिला. एका मित्राला बिर्याणीचं आमिष दाखवून बोलावलं आणि भाड्याच्या ट्रान्समिशन जॅकवर गिअरबॉक्स हळूहळू मागे ओढून खाली घेतला. मग क्लच, मग फ्लायव्हील. आणि मागे दिसली तीन बोल्टांची, मुठीएवढी झाकणी. वर्षभर माझी झोप उडवणारी गोष्ट या झाकणीच्या मागे होती.

पण ती लगेच उघडायची नाही! इथेच अनेक जण फसतात. झाकणी काढली, की शाफ्टचं ते टोक मोकळं होतं. चेना ताणलेल्या असतात, त्या शाफ्टला एका बाजूला खेचतात. कॅमशाफ्ट हलला, चेननं एखादा दाता सोडला आणि तसंच इंजिन सुरू केलं, तर जो अपघात टाळायला निघालो, तोच आपल्या हातानं घडवला. म्हणून आधी ताल बांधून ठेवायचा.

त्यासाठी सीटच्या मागचं कार्पेट आणि पत्रा काढला. तिथे क्रँकची पुली दिसते. ती फिरवत फिरवत पहिला पिस्टन बरोबर टोकावर आणला. तिथे पुलीतलं भोक आणि इंजिनावरचं भोक एका रेषेत येतं, त्यात पिन घातली. क्रँक लॉक. कॅमशाफ्टच्या टोकांच्या हिरव्या टोप्या काढून त्यांच्या खाचा बघितल्या, तिथेही लॉक लावला. चेना ताणून धरणारे तीन टेन्शनर काढले. प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो, मग डबीत बोल्ट, डबीवर चिठ्ठी. आईच्या मसाल्याच्या डब्यासारखं दृश्य.

मग झाकणी. बोटभर तेल गळलं. आणि शाफ्ट... अगदी थोडासा, तीन-चार मिलिमीटर, एका बाजूला कलला. असं होणार, हे मी दहादा वाचलं होतं. तरी पोटात गोळा आला. आपल्याच हातानं उघडलेल्या इंजिनाचा मुख्य दांडा डोळ्यांसमोर तिरका झालेला बघणं, हे वाचून कळत नाही.

पुलर लावला. हळूहळू पाना फिरवत गेलो. जोर वाढतोय, वाढतोय, काहीच हलत नाही... आणि एकदम फटाक्यासारखा 'फाट्'! बायको धावत आली. काही मोडलं नव्हतं. बेअरिंगला जागी धरून ठेवणारी तारेची रिंग सुटली होती. पुढच्या चार वेढ्यांत बेअरिंग माझ्या तळहातावर.

"हे तर आपलंच आहे!"

इथे रात्रीचे साडेनऊ, निगडीत सकाळचे सात. मी लगेच फोन लावला. कॅमेऱ्यासमोर बेअरिंग धरलं.

बाबांनी चष्मा लावला. "व्हर्नियर आहे? बाहेरचा व्यास सांग."

"सत्तेचाळीस."

"भोक?"

"वीस."

"जाडी चौदा असणार."

मी मोजली. चौदा.

बाबा मोठ्यानं हसले. "अरे, हे तर बासष्ट-झिरो-चार! आपलंच आहे की हे! पाण्याच्या मोटारीत असतं, पंपात असतं, कन्व्हेअरच्या रोलरला असतं. अख्खी हयात गेली माझी यांच्यात. शेवटचे आकडे झिरो-चार, गुणिले पाच, वीस. म्हणजे वीस मिलिमीटरचं भोक. शिकवलं नाही तुम्हाला कॉलेजात?"

शिकवलं होतं. परीक्षेपुरतं.

मी गॅरेजच्या फरशीवर तसाच बसून राहिलो. ज्याच्यासाठी वकील भांडले आणि ज्याच्या भीतीनं मी वर्षभर गाडी झाकून ठेवली, त्या वस्तूचा मापाचा नंबर बाबांना पाठ होता. आमच्या सोसायटीच्या टाकीच्या मोटारीत याच मापाचं बेअरिंग त्यांनी कितीदा तरी बदललं असेल. बहुतेक पाने मीच हातात दिले असतील.

"आता ते पुसून घे. आतली रिंग बोटावर धर, बाहेरची फिरव. कानाजवळ ने."

फिरवली. खरखर नाही, अडखळ नाही. हलवून पाहिलं, ढिलाई नाही. सुईनं सील उचकटलं. आत ग्रीस नावालाही नव्हतं, होतं ते पातळ, काळं, जळका वास येणारं तेल. सीलची कड कडक होऊन गेलेली. छर्रे मात्र चकचकीत.

"म्हणजे चांगलंच होतं," मी हिरमुसून म्हणालो. "उगाच काढलं."

बाबा गंभीर झाले. "उगाच कसं? आज चांगलं आहे. ग्रीस गेलंय. अजून किती चाललं असतं, हे मीही सांगू शकत नाही आणि ते बनवणाराही नाही. आमच्याकडे शटडाउनला पंप उघडला, की बेअरिंग चांगलं दिसलं तरी बदलायचो. दोनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी कोण परत पंप उघडणार? बेअरिंग स्वस्त असतं रे, उघडणं महाग असतं."

मग त्यांनीच विचारलं, "नवीन कसं बसवणार?"

"फ्रीझरमध्ये ठेवलंय. आकसलं की सहज जाईल."

"शाबास. आम्ही हाउसिंग गरम करायचो. एकच लक्षात ठेव, दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर दिलास, तर सगळा मार छर्र्यांवर. नवं बेअरिंग बसवतानाच मारलेली माणसं पाहिलीत मी."

नव्या बेअरिंगचं एका बाजूचं सील मुद्दाम काढलेलं होतं. कारण आता उलटं तत्त्व. तेलाला अडवायचं नाही, येऊ-जाऊ द्यायचं. ताजं तेल सतत मिळालं, की ग्रीसची गरजच नाही. गार बेअरिंग अवजारात बसवलं, श्वास रोखला आणि सरळ आत गेलं. पुरणपोळ्यांची कृपा.

रात्री एक वाजता

झाकणी नव्या सीलसह बसवली, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. टेन्शनर लावले. लॉक काढले. आता शेवटची परीक्षा. क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिन पुन्हा त्याच भोकात जायला हवी. गेली, तर ताल शाबूत. नाही गेली, तर...

नाही गेली.

रात्रीचा एक वाजला होता. मी परत ढकलून पाहिली. नाही. टॉर्च मारला, भोक दिसेना. हातपाय गार. मला तिथल्या तिथे क्रँक उलटा फिरवून भोक शोधायचा मोह झाला. पाना त्या दिशेला लावलासुद्धा. पण फोन अजून चालू होता आणि तिकडून आवाज आला, "थांब. उलटा फिरवू नकोस. काय झालं ते आधी सांग."

सांगितलं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी पाना बदलताना हिसका बसला होता. मी भोकाच्या थोडा पुढे गेलो होतो. उलटं फिरवलं असतं, तर चेनेची ताणाची बाजू सैल पडली असती आणि तिथेच घोटाळ्याला वाव होता. "मग परत सरळच जा. पूर्ण दोन फेरे. कुणी मागे लागलंय का?"

परत दोन फेरे. सावकाश. टक्. पिन आत गेली. कॅमशाफ्टच्या खाचाही जिथल्या तिथे.

मी काहीच बोललो नाही. बाबाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता झोप. बाकीचं उद्या."

वीकएंड तिसरा : चावी

बाकी सगळं उलट्या क्रमानं. मागचं ऑइल सील, फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स. तो चढवताना बिर्याणीवाल्या मित्रानं बासुंदीची अट घातली. रविवारी दुपारी गाडी जमिनीवर आली. नवं तेल, नवा फिल्टर. भारतात रात्र झाली होती, तरी आई-बाबा दोघंही जागे होते.

फोन इंजिनाजवळ धरायला बायकोला सांगितलं आणि चावी फिरवली.

आधी टकटक झाली. माझा चेहरा पडला. फोनमधून बाबा म्हणाले, "टॅपेट आहेत. तेल वर चढू दे." पाच-सहा सेकंद. टकटक विरली आणि ती सहा सिलिंडरची भरदार, खर्जातली गुरगुर सुरू झाली. बाबा डोळे मिटून ऐकत होते, एखादी मैफल ऐकावी तसे.

संध्याकाळी टप खाली करून आम्ही दोघं हायवेला लागलो. चौथ्या गिअरमध्ये पाच हजार आरपीएम! वर्षभरात पहिल्यांदा मी काटा पाहिला नाही, कान टवकारले नाहीत. खरं सांगायचं, तर बेअरिंग आता कधीच जाणार नाही, अशी खात्री मला आजही नाही. नवंही बेअरिंगच आहे, तेही एक दिवस झिजेल. पण आता मला माहितीय ते कुठे आहे, केवढं आहे आणि तिथपर्यंत कसं पोचायचं. आधी किरकिर आली की घाम फुटायचा. आता किरकिर आली की मी चमचा शोधतो.

जुनं बेअरिंग मी कचऱ्यात टाकणार होतो. बाबा म्हणाले, "टाकू नकोस. येताना घेऊन ये."

दिवाळीला नेलं. आता ते निगडीला शोकेसमध्ये आहे, माझ्या डिग्रीच्या फोटोशेजारी. संध्याकाळी कट्ट्यावरचे मित्र आले, की बाबा ते हातावर ठेवतात आणि विचारतात, "ओळखा बघू, कशातलं आहे?"

सगळे एकजात म्हणतात, "पाण्याच्या मोटारीतलं."

बाबांना तेच ऐकायचं असतं.

चौकट : तुम्हीही पाना हातात घेणार असाल, तर...

• जुनी बॉक्स्टर किंवा ९११ घेताना, आयएमएस बदलल्याची पावती मागा. तोंडी 'हो' चालणार नाही.

• आधी ऑइल फिल्टर कापून बघा. धातूचा चुरा दिसला, तर घरी काम सुरूच करू नका. थेट जाणकाराकडे जा.

• आपल्या इंजिनात एका रांगेचं बेअरिंग आहे की दोन रांगांचं, याची खात्री करून मगच भाग मागवा. वर्षावरून अंदाज बांधू नका, मधल्या काळातल्या गाड्यांत दोन्ही सापडतात.

• गाडीखाली जाताना चार मजबूत जॅक स्टँड आणि सपाट, कडक जमीन. घरात कुणीतरी जागं हवं.

• क्रँक आणि कॅमशाफ्ट लॉक केल्याशिवाय टेन्शनर काढू नका. जोडणी झाल्यावर हातानं दोन पूर्ण फेरे, तेही सरळ दिशेनेच.

• एकदा काढलेले सील पुन्हा लावू नका. फ्लायव्हीलचे बोल्टही नवेच.

• गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर क्लच आणि मागचं ऑइल सील बघून घ्या. उघडणं महाग असतं!

• पुढे तेल वेळच्या वेळी बदला आणि गाडी चालवा. कव्हरखाली ठेवून कुठलंच बेअरिंग सुधारत नाही.